बॅटरीचं शिसं आणि आपली जमीन



सुगी उरकली की आपल्या गावांतून भंगारवाल्याची फेरी सुरू होते. मोडका नांगर, फुटकं घमेलं, गंजलेले पत्रे आपण काढून देतो आणि त्यातच एखादी संपलेली बॅटरी असते. ट्रॅक्टरची, जीपची, इन्व्हर्टरची, नाहीतर रानडुकरांसाठी बांधावर लावलेल्या झटका यंत्राची. आता घरटी एक तरी बॅटरी झाली आहे. या बॅटरीचं पुढं काय होतं आणि ती चुकीच्या हाती गेली तर आपल्या मातीचं काय होतं, हे आज मला तुम्हांला सांगायचं आहे. यात माझी स्वतःची एक चूकही आहे, ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी कोरेगाव तालुक्यात मी शिवारफेरीला गेलो होतो. तिथले एक वयस्कर शेतकरी मला ओढ्याकाठी घेऊन गेले. म्हणाले, "साहेब, एवढ्या दोन गुंठ्यांतच काही उगवत नाही बघा. हरळीसुद्धा धरत नाही. शेणखत टाकून झालं, काय करावं?" मी विचारलं, "आबा, इथं आधी काय होतं?" तर म्हणाले, "काही नाही, बाहेरगावचा एकजण दोन उन्हाळे जुन्या बॅटऱ्या फोडायचा. भाडं बरं द्यायचा."

हे ऐकून मी तिथंच सावध व्हायला हवं होतं. पण मी मातीचा नमुना घेतला, नेहमीप्रमाणं माती परीक्षणाला पाठवला. पत्रिका आली, तीत सामू उतरलेला दिसला. मी म्हटलं, ॲसिड सांडलंय. चुनखडी टाका, खोल नांगरट करा आणि पुढच्या हंगामात आलं लावून बघा. आबांनी माझं ऐकलं. खोल नांगरट केली. जी घाण वरच्या दोन-तीन इंचांत होती ती फूटभर खाली गेली आणि ढेकळांबरोबर दोन गुंठ्यांची चार गुंठ्यांवर पसरली.

पुढं दोन महिन्यांनी त्यांचं एक वासरू गेलं. आधी त्याला दिसेनासं झालं, दात खाऊ लागलं, भिंतीला कपाळ लावून उभं राहिलं आणि तिसऱ्या दिवशी आचके देऊन मेलं. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी आल्या आल्या विचारलं, "जवळपास बॅटरी पडलीय का?" गोठ्याच्या कुडाला टेकवून ठेवलेल्या काळ्या प्लेटा वासरानं चाटल्या होत्या. भट्टीवाला जाताना त्या टाकून गेला होता. तेव्हा माझे डोळे उघडले. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की आबांचा तीन वर्षांचा नातू त्याच मातीत खेळतो आहे.

मंडळी, आता मूळ विषयाकडे वळू. बॅटरीच्या आत शिशाच्या आणि शिशाच्या भुकटीच्या प्लेटा असतात, त्यांभोवती गंधकाम्ल असतं. आपण त्याला ॲसिड म्हणतो. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसंच असतं. मोटारीच्या एका बॅटरीत साधारण ८ ते १० किलो शिसं निघतं. त्याला बाजारात भाव आहे, म्हणूनच लोक ती फोडतात. परवाना असलेल्या कारखान्यात हे काम बंद यंत्रांत होतं, धूर गाळला जातो, ॲसिड निष्प्रभ केलं जातं. ओढ्याकाठच्या भट्टीत मात्र कुऱ्हाडीनं बॅटरी फोडतात, ॲसिड मातीत ओततात आणि प्लेटा उघड्या कढईत वितळवतात. धुरातून शिसं चहूकडं जाऊन बसतं, राख तिथंच पडते आणि काळी भुकटी वाऱ्यावर उडते.

आता एक साधा हिशेब करू. एका गुंठ्याची वरची ६ इंच माती म्हणजे सुमारे २० टन वजन. चांगल्या, स्वच्छ मातीत शिसं असतंच, पण किती, तर दर दहा लाख भागांत बहुधा १० ते ५० भाग. अमेरिकेत घराच्या अंगणातल्या मातीसाठी पूर्वी ४०० भागांना धोक्याची खूण मानत, ती जानेवारी २०२४ मध्ये २०० वर आणली. तर २० टन मातीत २०० भाग व्हायला शिसं किती लागतं? फक्त ४ किलो. म्हणजे मोटारीची एक बॅटरी दोन गुंठे जमिनीला पुरे. ओढ्याकाठच्या भट्टीवर तर बॅटऱ्यांचा ढीगच असतो.

दुसरी गोष्ट अशी, की शिसं कुजत नाही, आटत नाही, उन्हानं जात नाही. कीटकनाशक काही महिन्यांत उतरतं, शिसं नातवंडांच्या काळापर्यंत तिथंच राहतं. आपल्या देशात पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं. पण त्याआधी कित्येक वर्षं पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला धुरातून जे शिसं बसलं, त्यातलं बरंच अजूनही त्या कडेच्या मातीत असणार.

आता जमीन कुठली, त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. कराड, वाळवा, मिरज, तासगाव भागातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू जास्त, चिकणमाती जास्त. ही माती शिशाला घट्ट धरून ठेवते, त्यामुळं ते खाली विहिरीच्या पाण्यात सहसा उतरत नाही. हा फायदा. तोटा असा, की ते वरच्या थरातच राहतं आणि धुळीबरोबर हाता-तोंडाला लागतं. पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात तांबडी, आंबट जमीन आणि धो धो पाऊस. तिथं शिसं जास्त विरघळतं आणि उतारावरून मातीबरोबर वाहत ओढ्याला, नदीला मिळतं. आणि जिथं ॲसिड सांडलं आहे तिथली जमीन कुठलीही असो, त्या जागी शिसं सुटं होतं.

तुम्ही म्हणाल, मग पिकात येतं का? येतं, पण सगळ्या पिकांत सारखं नाही. ज्वारी, गहू, हरभऱ्याच्या दाण्यात कमी जातं. टोमॅटो, वांगी, भेंडी, दोडका या फळभाज्यांतही कमी. पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू या पालेभाज्यांवर धूळ बसते आणि त्या काही प्रमाणात ओढूनही घेतात. मुळा, गाजर, बीट यांत आणि जमिनीत वाढणाऱ्या आलं-हळदीच्या सालीला मात्र मातीच चिकटून येते. म्हणून संशयाच्या जागेत पालेभाजी आणि कंद लावू नयेत. आबांना मी आलं लावायला सांगितलं होतं, ते किती चुकीचं होतं हे आता तुमच्या ध्यानात येईल.

पण पिकापेक्षाही मोठा धोका धुळीचा आहे, आणि तो लहान मुलांना आहे. रांगतं मूल माती तोंडात घालतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढं अंगात मुरतं, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या अंगात मुरतं. घरात लोह आणि कॅल्शियमची कमतरता असेल तर आणखी जास्त. सुरुवातीला काही दिसत नाही. मग मूल चिडचिडं होतं, पोट दुखतं, शौचाला होत नाही, अंगात रक्त राहत नाही, शाळेत ध्यान लागत नाही. आपण म्हणतो, पोरगं मंद आहे. पोरगं मंद नसतं, त्याच्या अंगात विष असतं. हे शिसं हाडांत साठतं आणि बाई गरोदर राहिली की हाडांतून सुटून पोटातल्या बाळाला मिळतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असं म्हणता येत नाही.

हे मी भीती घालायला सांगत नाही. आफ्रिकेत सेनेगल नावाचा देश आहे. त्याची राजधानी डाकार, आणि तिच्याजवळ थियारोये-सुर-मेर ही वस्ती. तिथं वर्षानुवर्षं बॅटऱ्या फोडण्याचं काम चालायचं. शिशाचा भाव वाढला तेव्हा वस्तीतल्या बायका ती माती खणून, घरी आणून, चाळून शिशाचे तुकडे वेचू लागल्या. पाठीला मूल बांधलेलं आणि पुढ्यात चाळण. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत त्या वस्तीतली १८ मुलं दगावली. कुणाला आधी कळलंच नाही कशानं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. ही ठेच फार मोठी होती.

दुसरं उदाहरण धीर देणारं आहे. बांगलादेशात ढाक्याजवळ काठगोरा गावात अशाच भट्ट्या होत्या. गावकऱ्यांनी त्या बंद पाडल्या. पुढं संशोधक आणि गावकऱ्यांनी मिळून वरची माती खरवडून काढली, ती एका जागी पुरून बंदिस्त केली, वर स्वच्छ माती टाकली, घरं आणि अंगणं धुऊन काढली. त्यानंतर वर्षभरानं मुलांचं रक्त पुन्हा तपासलं, तर शिसं सुमारे एक-तृतीयांशानं उतरलं होतं. म्हणजे माती साफ केली तर पोरं सावरतात, हे सिद्ध झालेलं आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते क्रमानं सांगतो. कागदावर टिपून ठेवलंत तर बरं.

पहिलं काम, भट्टी बंद करणं. ती चालू असताना साफसफाई करून उपयोग नाही. ग्रामपंचायतीचा ठराव करा, तहसीलदारांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं साताऱ्यात आणि सांगलीत आहेत. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारनं नियम काढले आहेत. संशयित जागेची माहिती स्थानिक संस्थेनं किंवा जिल्हा प्रशासनानं राज्य मंडळाकडं द्यावी, अशी तरतूद त्यात आहे. तेव्हा अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरं काम, जागा अडवणं. काटेरी कुंपण घाला. मुलं, शेळ्या, कोंबड्या, गुरं आत जाऊ देऊ नका. तिथलं गवत कापून वैरणीला आणू नका.

तिसरं काम, तपासणी. इथं मी फसलो, तुम्ही फसू नका. आपली मृद आरोग्य पत्रिका सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मंगल, तांबं आणि बोरॉन या १२ गोष्टी सांगते. तीत शिसं नसतं. पत्रिका चांगली आली म्हणजे माती निर्विष आहे असं नव्हे. शिशाची तपासणी वेगळी मागावी लागते. ती कुठं करून मिळेल याबद्दल मंडळाच्या कार्यालयात किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात विचारा. नमुना वरच्या २ इंचांचा वेगळा आणि ६ ते १२ इंचांचा वेगळा घ्या. भट्टीची जागा, ती जिथं धुराखाली येत होती ती बाजू, ओढ्याचा उतार आणि घराचं अंगण, प्रत्येकाचा नमुना निराळा. सगळं एकत्र करून एकच नमुना केलात तर नेमकी घाण कुठं आहे ते कळणार नाही.

चौथं काम, माती काढणं. हे मंडळाच्या देखरेखीखालीच करायचं. आधी पाणी मारून माती ओलसर करायची, कोरडी कधीही खरवडायची नाही. नाकाला चांगला मास्क, हातात मोजे, कामाचे कपडे वेगळे. एका गुंठ्याचा वरचा २ इंचांचा थर म्हणजे ६-७ टन माती निघते. ती बांधावर, ओढ्यात, रस्त्याच्या भरावात टाकायची नाही. ती घातक कचरा ठरू शकते आणि तिची जागा घातक कचऱ्याच्या बंदिस्त प्रकल्पात आहे. आपल्या राज्यात असे प्रकल्प रांजणगाव, तळोजा आणि बुटीबोरी इथं आहेत.

पाचवं काम, राहिलेल्या मातीची व्यवस्था. थोडं शिसं उरतंच. आंबट जमिनीत शेतीचा चुना टाकून सामू ६.५ ते ७ वर आणा. काळ्या जमिनीचा सामू मुळातच जास्त असेल तर चुन्याची गरज नाही. भरपूर कंपोस्ट आणि शिफारशीप्रमाणं स्फुरद द्या. स्फुरद शिशाला बांधून टाकतं आणि त्याचा न विरघळणारा दगडासारखा पदार्थ बनतो. पण स्फुरद बेसुमार टाकू नका, ते वाहून ओढ्यात जातं. मग वर अर्धा फूट स्वच्छ माती पसरून गवत धरा, म्हणजे धूळ उडणार नाही. तिथं बांबू किंवा इमारती लाकडाची झाडं लावा. खायचं काही नको.

पुष्कळजण विचारतात, की मोहरी नाहीतर सूर्यफूल लावलं तर ते शिसं ओढून घेतं म्हणे, मग माती कशाला काढायची? त्याचाही हिशेब करू. एका गुंठ्यातून १०० किलो वाळलेला पाला निघाला आणि त्याच्या दर किलोत १०० मिलिग्रॅम शिसं उतरलं असं धरलं, तरी एका पिकात १० ग्रॅम निघालं. गुंठ्यात शिसं आहे ४ किलो. म्हणजे ४०० पिकं घ्यावी लागतील. वर्षाला दोन पिकं धरली तरी २०० वर्षं. आणि तो पाला चुकून जनावरांनी खाल्ला तर आणखी अनर्थ.

आता न करायच्या गोष्टी. अशी जमीन खोल नांगरू नका, माझ्या चुकीवरून एवढं शिका. बॅटरीचे खोके जाळू नका. त्यांत पाणी भरून गुरांना ठेवू नका, झाडं लावू नका. विहिरीत शिसं असल्याचा संशय असेल तर पाणी उकळून ते जात नाही, पाणी तपासून घ्या. कृष्णा-वारणाकाठी काही घरांत जुन्या बॅटरीचं शिसं चुलीवर वितळवून जाळ्याला लावायच्या गोळ्या ओततात. ज्या चुलीवर भाकरी होते तिच्यावर हे काम नको, घरात तर नकोच. आणि जनावर दात खाऊ लागलं, आंधळ्यागत फिरू लागलं तर त्याच्या तोंडात हात घालू नका. पिसाळल्याचीही लक्षणं अशीच असतात. डॉक्टरांना लगेच बोलवा आणि आसपास बॅटरी होती का ते न विसरता सांगा.

खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले आपले कितीतरी बांधव गलाईच्या धंद्यात देशभर पसरले आहेत. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत शिसं लागतं. त्यांनाही हेच सांगणं आहे. भट्टी राहत्या खोलीत नको, धूर बाहेर जाऊ द्या, हात धुतल्याशिवाय खाऊ नका, कामाचे कपडे घरी आणून लेकराला मांडीवर घेऊ नका.

हळदीबद्दलही एक शब्द. बांगलादेशात हळकुंडाला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचा रंग चोळत असत. २०१९ साली तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारनं धाडी घातल्या, दंड केले, लोकांना समजावलं आणि २०२१ साली ते प्रमाण शून्यावर आलं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव आपल्या जमिनीवर आणि आपल्या इमानावर उभं आहे. हळदीला मातीतूनही शिसं लागायला नको आणि रंगातूनही नको.

शेवटी, जुन्या बॅटरीचं करायचं काय? तर नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. बदल्यात किंमत कमी करून मिळते. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी विक्रेत्यावर टाकली होती. त्या जागी ऑगस्ट २०२२ मध्ये नवे नियम आले. त्यांनी ही जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यावर टाकली, आणि वापरणाऱ्यानंही ती इतर कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी द्यावी असं सांगितलं आहे. भंगारवाला दारात पन्नास-शंभर रुपये जास्त देईल. पण ती बॅटरी कुणाच्या तरी ओढ्याकाठी फुटणार आहे, कदाचित आपल्याच. तोपर्यंत बॅटरी उभी, सावलीत, कुलपात ठेवा. गोठ्यात नको, धान्याच्या कोठीजवळ नको.

आता आबांचं काय झालं, ते सांगून थांबतो. मी त्यांच्याकडं जाऊन सांगितलं, "आबा, माझा सल्ला चुकला." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, भाडं मी घेतलं. तुमची चूक अर्धी, माझी अर्धी. आता निस्तरायचं कसं ते सांगा." नातवाचं रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, दूध-नाचणी वाढवायला सांगितलं आणि ताकीद दिली, की मूल त्या मातीपासून लांब गेलं तरच औषधाचा उपयोग. अंगणात शहाबादी फरशी बसवली. घर ओल्या फडक्यानं पुसायची सवय सुनेनं लावली. माती काढायला माझ्या त्या नांगरटीमुळं दुप्पट कष्ट पडले. आज तिथं बांबू आहे आणि कुंपण आहे. नातू शाळेत जातो. त्याचं रक्त सुधारतं आहे, अजून पुरतं सुधारलेलं नाही.

म्हणून मंडळी, दोन गुंठे पडीक आहेत, कुणी भाडं देतोय, देऊन टाकू, असा विचार मनात आला तर आधी विचारा, की तू इथं करणार काय? बॅटरीचं नाव निघालं तर सरळ नाही म्हणा. आणि आधीच कुणी करून गेलं असेल तर लाजू नका, लपवू नका. आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला सांगा, मंडळाला कळवा, मुलांचं रक्त तपासून घ्या. माती आपल्या मालकीची आहे असं आपण म्हणतो, पण ती पुढच्या पिढीच्या ताब्यात द्यायची आहे. देताना स्वच्छ देऊ.